मेसेज आणि कॉल खासगी कसे ठेवायचे: परत परत येणारे प्रश्न

सोसायटीच्या ग्रुपवर, कट्ट्यावर, हल्ली तर दूध आणायला खाली गेलो तरी लोक फोन पुढे करून हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. सोपे प्रश्न आधी, किचकट खाली. तेच तेच दोनदा लिहिलेलं नाही, लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर टाकलाय. अ‍ॅपमधली बटणं अपडेटनंतर इकडची तिकडे होतात, सापडलं नाही तर सेटिंग्जमधे वरच्या भिंगात नाव टाकून शोधा.

१. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणजे नक्की काय होतं? साध्या भाषेत सांगा.

तुमच्या फोनमधून मेसेज निघायच्या आधीच त्याची पार गिचमीड होते आणि ती परत वाचता येईल अशी करायची किल्ली फक्त समोरच्याच्या फोनमधे असते. मधे कंपनीचा सर्व्हर, सिमकार्डवाले, वायफायवाले, सगळ्यांच्या हातातून तो मेसेज जातो पण कोणालाच उघडता येत नाही. किल्ल्या फोन स्वतःच बनवतो, तुम्हाला काही करायला लागत नाही, आणि त्या सारख्या बदलत राहतात, म्हणजे उद्या एखादी कोणाच्या हाती लागली तरी मागचं सगळं उघडं पडत नाही. अ‍ॅपवरून केलेल्या कॉललाही हेच. फक्त हे सगळं वाटेपुरतं आहे. दोन्ही टोकांना मेसेज उघडाच असतो, नाहीतर वाचणार कसा, आणि खालचे निम्म्याहून जास्त प्रश्न त्या टोकांबद्दलचेच आहेत.

२. साधा कॉल आणि एसएमएस पण सुरक्षितच असतो ना?

नाही. तिथे फोनपासून टॉवरपर्यंत हवेतून जाताना एन्क्रिप्शन असतं, पुढे कंपनीच्या यंत्रणेत सगळं उघडं. एसएमएस कंपनीला वाचता येतो, कॉल कायदेशीर आदेश आला की ऐकता येतो (प्रश्न १६). त्यात फोन टू-जीवर गेला तर हवेतलं जुनं एन्क्रिप्शनही कच्चंच आहे, ते फोडता येतं हे जाहीरपणे दाखवून झालंय. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमधे टू-जी बंद करायचं बटण सिमच्या सेटिंगमधे असतं, शहरात राहणाऱ्याला ते बंद ठेवून काही अडत नाही. ट्रेकला गेलात तर चालू करा, तिथे तेवढंच मिळतं कधीकधी.

पासवर्ड, आधारचा फोटो, लॉकरची माहिती असलं काही एसएमएसनं पाठवूच नका.

३. व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल, टेलिग्राम, यातलं कुठलं वापरू?

सिग्नल. पण तुमचे नातेवाईक, दूधवाला, शाळा, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत हे मलाही माहितीये, म्हणून नीट सांगतो.

व्हॉट्सअ‍ॅपनं २०१६ च्या एप्रिलमधे सगळ्यांसाठी एंड-टू-एंड चालू केलं, आणि त्याचं कुलूप सिग्नलवाल्यांनीच बनवलेलं आहे, म्हणजे मजकुराच्या बाबतीत दोन्ही सारखेच पक्के. फरक मजकुराच्या बाहेर आहे, तो प्रश्न ४ मधे. सिग्नल एक ना-नफा संस्था चालवते, कोड सगळ्यांना बघायला खुला आहे, आणि २०२४ पासून समोरच्याला नंबर न दाखवता युजरनेमवरूनही बोलता येतं (खातं उघडायला नंबर लागतोच).

टेलिग्रामबद्दल लोकांचा जबरदस्त गैरसमज आहे. ते "जास्त सिक्रेट" आहे असं कॉलेजची पोरं छातीठोक सांगतात. टेलिग्रामची साधी चॅट एंड-टू-एंड नसते, ती त्यांच्या सर्व्हरवर राहते आणि किल्लीही त्यांच्याकडेच असते. ग्रुप आणि चॅनेलचंही तेच, तिथे एंड-टू-एंडचा पर्यायच नाही. समोरच्याच्या प्रोफाइलवर जाऊन वेगळी सीक्रेट चॅट चालू केली तरच ती एंड-टू-एंड, आणि ती फक्त दोघांत होते. दोघांमधला कॉल मात्र तिथेही एंड-टू-एंड आहे.

देशी अ‍ॅप की परदेशी, असंही विचारतात. अ‍ॅप कुठल्या देशाचं यापेक्षा एवढं बघा: एंड-टू-एंड आपोआप चालू आहे का, ग्रुपलाही आहे का, आणि बाहेरच्या तज्ज्ञांना कोड तपासता येतो का.

४. व्हॉट्सअ‍ॅप तर मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्यांचं आहे, मग ते वाचत नाहीत कशावरून?

मजकूर वाचत नाहीत हे मानायला आधार आहे, कारण ती पद्धत जगासमोर आहे आणि अ‍ॅप उचकटून बघणारे संशोधक काही कमी नाहीत. पण मजकूर सोडून बाकी खूप काही कळतं: तुम्ही कोणाशी बोलता, किती वाजता, किती वेळा, कुठल्या ग्रुपमधे आहात, फोन कुठला, आयपी अ‍ॅड्रेस (नेटवरचा तुमचा पत्ता) कुठला. यावरून माणसाबद्दल भरपूर अंदाज बांधता येतो. एखादीनं वकिलाला रात्री अकराला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची घरं दाखवणाऱ्या एजंटला, तर दोघांशी काय बोलली ते कळायची गरजच काय.

सिग्नल इथे वेगळं पडतं. २०१६ मधे अमेरिकेतल्या कोर्टातून त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली गेली तेव्हा देण्यासारखं त्यांच्याकडे दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं.

अजून एक, कोणी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केलं तर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. यात काही फुटलं-बिटलं नाही, समोरच्यानं स्वतःच्या फोनवरून ते पुढे पाठवले एवढंच.

५. मग आम्ही गादीबद्दल बोललो आणि लगेच गादीचीच जाहिरात कशी आली?

घरात कोणीतरी गादी सर्च केलेली असते, सगळे एकाच वायफायवर असतात, आणि जाहिरातवाल्यांना तेवढं पुरतं. शिवाय ज्या शंभर गोष्टींबद्दल बोललो आणि जाहिरात आली नाही त्या आपल्या लक्षात राहत नाहीत. तरी शंका असेल तर सेटिंग्जमधे जाऊन माइकची परवानगी कोणाकोणाला दिलीये ते बघा. टॉर्चच्या अ‍ॅपला माइक कशाला हवा?

६. चॅटमधे मधेच "सिक्युरिटी कोड बदलला" असं येतं. हॅक झालं का?

बहुतेक वेळा नाही. समोरच्यानं फोन बदलला, अ‍ॅप काढून परत टाकलं, की त्याच्या फोनची मूळ किल्ली नवी होते आणि हे वाक्य येतं. पण त्याचं सिम कोणीतरी भलत्यानंच काढून स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालू केलं तरी हेच वाक्य येतं. म्हणून ते दिसल्यावर त्या माणसानं पैसे मागितले तर आधी साधा फोन लावून आवाज ऐका.

खात्री करायची पद्धत सोपी आहे, करतं मात्र कोणी नाही. समोरच्याच्या नावावर टॅप करा, खाली एन्क्रिप्शन असं लिहिलेलं असतं ते उघडा, एक क्यूआर आणि साठ आकडे दिसतात, पाच-पाचचे बारा गट. शेजारी बसला असाल तर एकमेकांचा क्यूआर स्कॅन करा, झालं. लांब असाल तर फोनवर वाचून दाखवा. हडपसरच्या मावसभावाबरोबर मी हे केलं, तो एकेक गट वाचतोय, मी हं हं म्हणतोय, मागून वहिनी विचारतात की लॉटरीचं तिकीट लागलंय का. बाराही गट जुळले की मधे कोणी बसलेलं नाही हे पक्कं. प्रत्येकाशी करायची गरज नाही, ज्याच्याशी पैशाचं किंवा कोर्टाचं बोलता त्याच्याशी करा. आणि हे वाक्य दिसावं म्हणून अकाउंटमधली सिक्युरिटी नोटिफिकेशन चालू हवीत.

७. चॅटचा बॅकअप गूगलवर जातो, तोही एन्क्रिप्टेड असतो का?

हा खरा महत्त्वाचा प्रश्न, आणि हा विचारणारे सगळ्यात कमी. तुम्ही स्वतः चालू केलं असेल तरच. नाहीतर तुमच्या सगळ्या चॅटची प्रत गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर अशी पडलेली असते की तिला चॅटचं ते कुलूप नसतं. म्हणजे वाटेत एवढा बंदोबस्त आणि रोज रात्री दोन वाजता सगळा गठ्ठा दुसऱ्याच्या कपाटात.

२०२१ पासून व्हॉट्सअ‍ॅपमधे उपाय आहे. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. पासवर्ड ठेवायचा की ६४ अक्षर-आकड्यांची किल्ली घ्यायची ते विचारेल, साध्या माणसानं पासवर्ड घ्यावा. तो कागदावर लिहून कपाटात ठेवा, मी गंमत करत नाहीये, कारण फोन हरवला आणि पासवर्डही आठवत नसला तर कंपनीसुद्धा तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

आयफोनवाल्यांना अजून एक खोच. व्हॉट्सअ‍ॅपमधे हे चालू केलं पण अख्ख्या फोनचा आयक्लाउड बॅकअपही चालू असेल तर त्या बॅकअपमधून चॅट परत विनाकुलूप वर जातात. एकतर तो बंद करा, नाहीतर अ‍ॅपलचं अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन चालू करा. तेही मुळात बंदच असतं.

आणि समोरच्यानं त्याच्या बाजूला काहीच केलं नसेल तर तुमची चॅट त्याच्या बॅकअपमधे उघडी आहेच. त्याला हे वाचायला द्या.

८. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅप वेब लावून प्रिंट काढली, काही होतं का?

पुण्यात सगळ्यात जास्त चॅट इथूनच बाहेर जात असाव्यात असं माझं प्रामाणिक मत आहे. रजिस्टर ऑफिसबाहेर घाई असते, दुकानदार म्हणतो "स्कॅन करा काका", काका स्कॅन करतात, भाडेकराराची प्रिंट घेतात आणि जातात, आणि काकांचं अख्खं व्हॉट्सअ‍ॅप त्या कॉम्प्युटरवर तसंच चालू. एन्क्रिप्शनला काय कळणार की ते दुकान आहे, त्याच्या दृष्टीनं तो तुम्ही जोडलेला तुमचाच कॉम्प्युटर. फोन नेटवर नसला तरी ते चालू राहतं, पंधरवडाभर फोन वापरलाच नाही तर जोडणी आपोआप तुटते, पण फोन कोण एवढे दिवस बंद ठेवतं.

आत्ता उठून बघा: सेटिंग्ज, लिंक्ड डिव्हायसेस. ओळखीचं नसेल ते टॅप करून लॉगआउट करा. पुढच्या वेळी फाइल दुकानाच्या मेलवर पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या.

यातलीच नवी फसवणूक म्हणजे "तुमचा फोटो इथे आहे, बघा" अशी लिंक ओळखीच्याच नंबरवरून येते, तिथे नंबर टाकला की आठ अक्षरांचा कोड देतात आणि तो व्हॉट्सअ‍ॅपमधे टाकायला सांगतात. तो कोड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडायची परवानगी.

९. माझं व्हॉट्सअ‍ॅप खातंच कोणी पळवू शकतं का?

हो, सहा आकडी ओटीपी सांगितला की गेलं. म्हणून अकाउंटमधे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा, जन्मतारीख नको. सिग्नलमधे याला रजिस्ट्रेशन लॉक म्हणतात. कोणी फोन करून *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगितला तर करू नका, त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि कॉलवर येणारा ओटीपी त्याला मिळतो. दूरसंचार विभागानं ही सोय २०२४ च्या एप्रिलपासून कंपन्यांना बंद करायला लावली होती ती याचसाठी.

फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि शेजारच्याचं त्याच कंपनीचं चालू असेल तर थांबू नका, तुमच्या नावानं दुसरं सिम निघालेलं असू शकतं. गॅलरी गाठा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३०.

१०. एन्क्रिप्शन असताना व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हायरस कसा येतो?

त्याच्यामुळेच मधे कोणी फाइल उघडून तपासत नाही. आलेली फाइल चांगली की वाईट हे एन्क्रिप्शन बघत नाही, ती फक्त नीट पोचवतं. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलान म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर नवं अ‍ॅप टाकणारी फाइल, येते. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ, शेवटी एपीके लिहिलेली पत्रिका कोणाच्याही लग्नाची नसते. ती टाकली आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी दिली की ते अ‍ॅप तुमची स्क्रीनच वाचतं, मग कुलूप केवढंही असू दे.

११. स्क्रीन फुटलीये, तपकीर गल्लीत फोन टाकायचाय. पासवर्ड मागतात, देऊ का?

स्क्रीन बदलायला पासवर्ड लागत नाही, टच चालतोय का ते तुमच्यासमोर बघता येतं. फोन ठेवूनच यायचा असेल तर सॅमसंगमधे मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमधे रिपेअर मोड आहे, तो चालू केला की तुमचे फोटो-चॅट दिसत नाहीत आणि फोन तपासता येतो. तेही नसेल तर बॅकअप घेऊन फोन रिसेट करून द्या. दुकानदार प्रामाणिक असतात हो, पण दुकानात पोऱ्याही असतो.

१२. कंपनीनं फोन दिलाय, हिंजवडीत आहे. त्यावर खासगी चॅट चालेल?

नको. त्या फोनवर कंपनीचं नियंत्रण असतं, काय अ‍ॅप टाकायची, फोन लांबून पुसायचा का, हे ते ठरवतात. किती दिसतं ते कंपनीच्या सेटिंगवर आहे आणि ते तुम्हाला कोणी सांगत बसत नाही. स्वतःच्या फोनवर ऑफिसचं वर्क प्रोफाइल असेल तर वेगळी गोष्ट, अँड्रॉइडमधे ते वेगळ्या कप्प्यात असतं आणि तुमच्या बाजूचं त्यांना दिसत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब मात्र बंद करा, प्रश्न ८.

१३. स्टेशनवरचं फुकट वायफाय, व्हीपीएन घेऊ का?

चॅट आणि अ‍ॅपवरच्या कॉलसाठी गरज नाही, ते आधीच बंद पाकिटातून चाललंय. व्हीपीएन म्हणजे तुमचं सगळं नेट दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवणं, त्यानं फक्त वायफायवाल्याऐवजी व्हीपीएनवाल्याला दिसतं की तुम्ही कुठली साइट उघडताय. फुकटचं व्हीपीएन तर नकोच.

१४. गायब होणारे मेसेज खरंच गायब होतात का?

तुमच्या आणि त्याच्या अ‍ॅपमधून जातात, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी, जे ठेवाल ते. पण त्याआधी स्क्रीनशॉट काढता येतो. एकदाच बघायच्या फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपनं बंद केलाय, पण दुसऱ्या फोननं त्या फोनचा फोटो काढायला कोण अडवणार. तरी चालू ठेवाच, याचा उपयोग लबाड माणसाविरुद्ध नाही, तर उद्या फोन चोरीला गेला तर तीन वर्षांचा इतिहास चोराच्या हाती लागू नये यासाठी.

कॉल रेकॉर्डिंगचंही तेच उत्तर, समोरचा स्पीकरवर टाकून शेजारी दुसरा फोन ठेवू शकतो.

१५. मेटा एआयला विचारलेलं आणि दुकानांशी केलेली चॅट खासगी असते का?

नेहमीसारखी नाही. मेटा एआयला लिहिलेलं मेटाकडे जातं, जायलाच हवं, त्याशिवाय उत्तर कसं येणार, तेव्हा रिपोर्ट आणि पगाराच्या स्लिपा तिथे टाकू नका. मोठ्या धंद्यांशी केलेली चॅट त्यांचे कर्मचारी वाचतात आणि कधीकधी ती सांभाळायचं काम त्यांनी दुसऱ्या कंपनीला दिलेलं असतं. कोपऱ्यावरचा किराणावाला स्वतःच्या फोनवरून बोलत असेल तर ती साधी चॅटच.

१६. पोलीस किंवा सरकार आमचं बोलणं ऐकू शकतात का?

साध्या कॉलचं हो, पण कोणीही उठून नाही. आधी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली आणि आता २०२३ चा दूरसंचार कायदा नि त्याखालचे २०२४ चे नियम यांच्याखाली आदेश लागतो, तो साधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांच्या पातळीवर निघतो. ही बंधनं मुळात आली ती १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या फोन टॅपिंगवरच्या निकालामुळे, आणि २०१७ मधे खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असंही कोर्टानं सांगितलं. कोणी कोणाला कधी फोन केला, कुठल्या टॉवरखाली होता, ही यादी कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावी लागते.

एंड-टू-एंड अ‍ॅपवरचा मजकूर मधूनच मिळत नाही. २०२१ च्या आयटी नियमांत सरकारनं ५० लाखांवर वापरणारे असलेल्या मेसेजिंग अ‍ॅपना मेसेज मुळात कोणी पाठवला ते शोधून द्यायला सांगितलं, त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली हायकोर्टात गेलं आणि २०२४ मधे त्यांच्या वकिलानं तिथे सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ.

पण तपासात फोनच ताब्यात घेतला की चॅट तिथे असतात, समोरच्याच्या फोनवरही असतात, बॅकअपमधेही असतात. शिवाय आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली माहिती उघडून द्यायचा आदेश निघाला आणि तो मानला नाही तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशी वेळ आली तर चॅट डिलीट करत बसू नका, तो वेगळाच गुन्हा अंगावर येऊ शकतो. वकील गाठा.

१७. पेगाससबद्दल ऐकलं होतं, त्यापुढे एन्क्रिप्शन चालतं?

नाही चालत, कारण ते हेरगिरीचं सॉफ्टवेअर थेट टोकावर म्हणजे फोनमधेच घुसतं. २०१९ मधे व्हॉट्सअ‍ॅप कॉलमधल्या एका चुकीतून सुमारे १,४०० जणांच्या फोनवर ते टाकायचा प्रयत्न झाला, कॉल उचलायचीही गरज नव्हती, आणि त्यात भारतातलेही लोक होते. हे महागडं हत्यार आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीवर कोणी वापरणार नाही. पत्रकार, वकील, कार्यकर्ते असाल तर फोन कायम अपडेट ठेवा आणि आयफोन असेल तर लॉकडाउन मोड चालू करा.

१८. वडील गेले, त्यांच्या चॅट आणि नंबरचं काय करायचं?

फोन उघडत असेल तर चॅट त्यातच आहेत, हव्या त्या एक्सपोर्ट करून घ्या. फोन उघडत नसेल आणि बॅकअपला पासवर्ड असेल (प्रश्न ७) तर कंपनीला कितीही पत्रं लिहा, त्यांच्याकडे किल्लीच नाही.

नंबर लगेच बंद करू नका. बँक, एलआयसी, गॅस, डिमॅट, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. सिम चालू ठेवून एकेक ठिकाणचा नंबर बदला, मग त्यांच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपचं खातं डिलीट करा, आणि मगच सिम बंद. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. जिथे नंबर बदलायचा राहिला तिथले ओटीपी त्या नव्या माणसाला जातात, आणि घरच्या ग्रुपमधून वडिलांचा नंबर काढला नसेल तर तो आधी काढा.